मधला ठोका

—नाही. थांबवा. थांबवा हो, पायसुद्धा थांबवा, हात थांबले तरी पाय आपला चालूच. पुन्हा. पुन्हा म्हणजे पहिल्यापासून, मधूनच कुठूनतरी नाही — दाढ काढताना मधूनच सुरुवात करता का तुम्ही? मग. आणि ते स्टूल सारखं पुढेमागे करू नका. सहा आठवडे त्याच स्टुलावर बसताय, आज एकदम त्याचा पाय डुगडुगायला लागला? नाचता येईना अंगण वाकडं. बसा नीट. खांदे खाली. अजून खाली. डॉक्टर, माणसाच्या खांद्यात आणि कानात थोडं अंतर असतं. हां. उजवा हात हाय-हॅटच्या झांजांवर, डावा समोरच्या स्नेअर ड्रमवर, पाय मोठ्या ड्रमच्या, किकच्या पेडलवर, आणि तोंड बंद. मोजायचं तर मनात मोजा, ओठ हलवून मोजतात ती पहिलीतली पोरं.

चला. एक, दोन, तीन, चार— हं. हं. बास. बरोबर आहे. बरोबर आहे म्हणतोय ना, माझ्या तोंडाकडे काय बघताय? घड्याळ लावून घ्यावं असं वाजतंय. मी शिकवलं तसंच वाजवताय, तसूभर फरक नाही. आज आपला बारावा तास, आणि तुमच्यासारखा विद्यार्थी मी उभ्या जन्मात पाहिला नाही — स्तुती नाही करत, नुसतं सांगतोय. वही आणता. मी बोललेलं वहीत उतरवता, वर तारीख टाकता. पहिल्या दिवशी मी म्हटलं, मूळ गाण्याची रेकॉर्ड अजिबात ऐकायची नाही, कान बिघडतो, आधी हात बसू दे — तर तुम्ही खरंच ऐकली नाहीत. कोण असं करतं? दुसऱ्या कुणाला सांगितलं असतं तर त्यानं घरी जाऊन पहिलं तेच केलं असतं. माझ्या पोरीच्या आईला तुमचं हेच आवडलं असणार, सांगितलेलं ऐकणारा माणूस. माझ्याबद्दल ती काय म्हणायची माहितीय? सुंभ जळाला तरी पीळ जात नाही. तुमचा प्रश्नच मिटला, तुम्हाला मुळात पीळच नाही.

हसू नका. मी विनोद नाही केला. पाणी हवंय का? तिथे आहे, खिडकीत, तांब्यावर झाकण ठेवा परत, या तळघरातल्या गॅरेजात वरून सारखी धूळ पडते. वरच्या इस्त्रीवाल्यानं यंत्र सुरू केलं की छत हलतं. परवा तोच विचारत होता मला — हे आठवड्यातून दोनदा येणारे कडक कपड्यांतले गृहस्थ कोण? तुमच्या इथे तर फाटक्या चपलांची पोरं येतात. म्हटलं, ते माझ्या बायकोचे नवरे. तो म्हणाला, म्हणजे तुम्हीच ना? म्हटलं नाही बाबा, मी पहिला, हे दुसरे. बिचारा इस्त्री तशीच शर्टावर ठेवून बघत राहिला माझ्याकडे. आता तुम्ही येता ना, तेव्हा तो जिन्यातून वाकून बघतो, तुम्हाला माहीत नसेल. त्याला वाटतं आज हे मारामारी करणार. त्याला काय माहीत, आम्ही सुशिक्षित माणसं — आम्ही ड्रम बडवतो.

नाही, रागावलेलो नाही मी. रागावायचं काय त्यात? पोरीच्या गाण्याला ड्रम वाजवायला माणूस हवा होता, तिच्या मैत्रिणींच्या त्या बँडमधला ड्रमवाला नोकरी लागून निघून गेला, तुम्ही घरी जेवताना सहज म्हणालात, मी कॉलेजात वर्षभर वाजवायचो, मी शिकतो — आणि ती हसली. तुम्हीच सांगितलंत ना पहिल्या दिवशी, ती हसली म्हणून. चार वर्षांनी पोर गायला उभी राहतेय, तेही त्याच गाण्याला, शनिवारी, कॉलेजच्या हॉलमध्ये, आणि ड्रमवर कोण, तर दातांचे डॉक्टर. आणि वर ती तुम्हाला म्हणते, काका, ते गाणं शिकायचं तर बाबांकडेच जा, तसं दुसरं कुणी वाजवत नाही. म्हणजे बघा हं. बाबांसारखं दुसरं कुणी वाजवत नाही, म्हणून काकांना पाठवते बाबांकडे. बाबांना सांगत नाही की बाबा, तुम्हीच या आणि वाजवा. बसस्टॉपवरून इथवर दहा मिनिटांचं अंतर आहे हो. दहा मिनिटं. चालत.

पण म्हटलं, ठीक आहे. पाठवलंय ना, शिकवू. शिकवायचं नाही असं कधी म्हटलं का मी? दारात उभे होतात तुम्ही हातात नव्या कोऱ्या स्टिक घेऊन, किमतीची चिठ्ठी तशीच चिकटलेली, म्हटलं या. तुम्हीसुद्धा धन्यच. दुसरा कुणी असता तर आला नसता. मी असतो तर मेलो तरी आलो नसतो.

बरं, पुन्हा. नको, थांबा, आधी सांगा काल काय झालं. काल तालीम होती ना तुमची? पहिली तालीम सगळ्यांबरोबर. आल्यापासून एक अक्षर बोलला नाहीत त्याबद्दल. वाटलंच मला. आल्या आल्या तोंड बघितलं ना, तेव्हाच ओळखलं, म्हटलं आज स्वारीचं काहीतरी बिनसलंय. काय झालं? बोला की. गिटारवाली हसली? त्या पोरी फार तिखट असतात, मला माहितीय, तोंडावर बोलतात. काय म्हणाल्या? की काका, तुम्ही वाजवताय ते गाणं हे नव्हेच? असंच काहीसं ना? सांगा हो, लाजू नका, आम्ही सगळे या रस्त्यानं गेलोय, माझ्या पहिल्या तालमीत तर गुरुजींनी माझ्या हातातली स्टिक काढून खिडकीबाहेर टाकली होती आणि म्हणाले होते, जा, आणायला जा, आणि येऊ नकोस.

हसल्या नाहीत?

मग?

तुम्ही छान वाजवलंत असं म्हणाल्या. बरं. म्हणजे, एकदम पक्कं, अजिबात हललं नाही म्हणाल्या. हं. तसं तर ते आहेच. पक्कं आहेच. भिंतीसारखं आहे. मग झालं काय, तोंड का असं?

कोण थांबलं?

पोर? ती का थांबली?

नाही, एक मिनिट. नीट सांगा. पहिल्यापासून सांगा, पेशंटचं सांगता तसं सांगा मला. गाणं सुरू झालं, तुमचे चार ठोके, गिटार आली, बरोबर? मग ती आली. पहिल्या ओळीला ठीक? शेवटचा शब्द मागे राहिला. किती मागे? किती म्हणजे — जरासाच, पण राहिला. दुसऱ्या ओळीला पण. तिसऱ्या ओळीच्या मध्येच तिचा श्वास संपला. संपला म्हणजे — गाता गाता दम लागला. बरोबर. दम लागणारच. मग पुन्हा घेतलं? तीनदा घेतलं. तिन्ही वेळा तेच. आणि तुम्ही काय करत होतात? वाजवत होतात. पक्कं. तसूभर न हलता. शाब्बास.

आणि मग ती काय म्हणाली?

नाही, मला शब्द सांगा. तिचे शब्द. 'थोडी नर्व्हस झाली' हे तुमचं झालं, डॉक्टरांचं, औषधाच्या चिठ्ठीवरचं. ती काय म्हणाली?

'माझंच चुकतंय.' असं म्हणाली? 'बाबा म्हणतात ते खरंय, मला ताल नाहीच. हे गाणं काढून टाका.' असं. तुमच्यादेखत. आणि खाली बसली. रडली नाही. ते वाईट. तिला मी ओळखतो ना, लहानपणी गुडघा फुटला की भोकाड पसरायची, पण खरंच काही लागलं की गप्प. आईवर गेलीय त्या बाबतीत.

आणि तुम्ही तिला काय सांगितलंत? काही नाही. धीर दिलात. पाठीवर हात ठेवलात. अहो, पण तुम्हाला कळलं कसं नाही? एवढी शिकलेली माणसं तुम्ही! समोर एक पोर गातेय, लहानपणापासून ते गाणं तिच्या अंगात मुरलंय, चालताना त्या तालावर चालायची ती, जिना उतरताना त्या तालावर उतरायची, आणि ती एकाएकी चुकते, तीन-तीनदा, एकाच जागी — आणि तुमच्या मनात एवढंही येत नाही की चूक तिची नसेल, चूक आपण वाजवतोय त्यात असेल? कुणीतरी सरळसोट वाजवतंय म्हणून तिला जागाच मिळत नाहीये? जागाच ठेवली नाहीत तुम्ही तिला! त्या गाण्याचा ठोका दोन तुकड्यांचा नाहीच मुळी, एक-आणि-दोन-आणि, एक-आणि-दोन-आणि, हे काय शाळेचं संचलन आहे? ते गाणं शफल आहे, तिनाचं आहे, प्रत्येक ठोक्याचे तीन तुकडे, हे कुठलंही शेंबडं पोर—

हो.

हो, मीच शिकवलं तसं.

वही मिटा ती. दाखवू नका मला काय लिहिलंय ते, मला माहितीय काय लिहिलंय, मीच सांगितलंय. तारखेसकट.

उठू नका. बसा. अहो बसा म्हणतो ना. जायचंय तर जाल, दार कुणी लावून घेतलेलं नाही, पण आता गेलात तर शनिवारी काय वाजवणार आहात? बसा. ऐका. मला वाटलं होतं तुम्हाला हसतील. बास, एवढंच. एवढंच होतं माझ्या मनात, देवाशपथ, याच्यापलीकडे विचारच नव्हता केला. म्हटलं, तालमीत जातील, गिटारवाली पोर पहिल्या दहा सेकंदांत थांबवेल, म्हणेल काका हे काय वाजवताय, तुमचे कान लाल होतील, एकदा, आयुष्यात एकदा तुमच्याकडून काहीतरी चुकेल, सगळ्यांदेखत, आणि मग तुम्ही घरी जाऊन सांगाल की मला नाही जमत बुवा — आणि मग शनिवारी दुसरं कोण आहे वाजवायला? तुम्हीच सांगा, दुसरं कोण आहे? येईल ना पोर माझ्याकडे झक मारत. दहा मिनिटं चालत.

मला काय माहीत तुम्ही इतकं पक्कं वाजवाल! चुकीचं वाजवायचं तर निदान घाबरत तरी वाजवावं माणसानं. चुकीचं इतकं ठाम वाजवलंत की चार पोरींना तेच बरोबर वाटलं आणि माझी पोर तेवढी चूक ठरली. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार, असं म्हणतात, आणि इथे आडात मी विष घातलं आणि पोहरा इतका स्वच्छ, घासूनपुसून— जाऊ द्या. तुमच्यावर काय चिडायचं. वड्याचं तेल वांग्यावर. तुमच्यावर चिडायला आवडतं मला, ते वेगळं.

स्टिक उचला.

उचला, उचला, वेळ नाही. आज गुरुवार. उद्या एक दिवस. सहा आठवडे जे बसवलं ते तासाभरात उठवायचंय. वाजवू नका. आधी म्हणा. माझ्यामागून म्हणा — एक-दोन-तीन, एक-दोन-तीन, सारखे तीन, घाई नाही. हं. आता मधला मनात म्हणा. एक, काही नाही, तीन. एक, काही नाही, तीन. लंगडत चालतो ना माणूस, एक पाय टेकतो आणि दुसरा उशिरा, तसं. उजव्या हाताला. हाय-हॅटवर. नाही, तुम्ही परत सरळ आलात. पुन्हा. परत सरळ. काय लोखंडाची कांब गिळलीय का? पुन्हा. हां — हां, आला होता एकदा, गेला. पुन्हा. आला. राहू दे त्याला. बघू नका हाताकडे, लाजतो तो.

आता डावा. उजवा हात सोडतो ना मधला, तो पूर्ण मोकळा नाही सोडायचा. तिथेच तर सगळं आहे. तो डाव्यानं घ्यायचा, स्नेअरवर, पण इतका हलका की समोरच्याला ऐकू आला नाही पाहिजे. नाही! हा काय, हा तर दारावर थाप मारल्यासारखा. हलका म्हटलं. अजून. अहो अजून. हे कसं सांगू तुम्हाला — थांबा. दात बघताना डाव्या हातात काय असतं तुमच्या? तो छोटा आरसा. त्यानं काय करता? दात बघता, ते झालंच, पण जीभ बाजूला करता ना त्यानंच? गाल ओढून धरता. आणि पेशंटला कळतं का? तुमच्याकडे दाढ भरायला आलेला माणूस घरी जाऊन ड्रिलचं सांगतो, सुईचं सांगतो, आरशाचं कुणी सांगतं? पण तो आरसा नसला तर जीभ कापली जाईल त्याची. तस्सं. उजवा हात ड्रिल, डावा हात आरसा. वाजवायचं नाही, जीभ बाजूला सारायची. हं.

हं.

परत.

आता कळलं का तुम्हाला ती श्वास कुठे घेते ते? तिथेच. त्या मधल्या ठोक्यात. सहा वर्षांची होती तेव्हापासून. इथेच बसायची, त्या गादीच्या गुंडाळीवर, आणि मी वाजवताना गायची, आणि मी एकदा गंमत म्हणून मधला ठोका गाळला तर श्वास अडकला तिचा, खोकायला लागली. मला रागावली. म्हणाली, बाबा, माझी हवा कुठे गेली? म्हणून सांगतो, तुम्ही तिला सरळ वाजवून दाखवलंत म्हणजे काल तिला हवाच दिली नाहीत. मी दिली नाही. वाजवा, थांबू नका, मी बोलत असलो तरी वाजवा, तालात बोलणं ऐकू येतंय तोवर हात बरोबर आहे असं समजायचं.

आता चार ठोक्यांतल्या तिसऱ्याला स्नेअर मोठा. एक, दोन, आणि तीनला दणका, चारला नाही. हां. पायाचं नंतर बघू. चालू ठेवा. डावा जड होतोय. आरसा, डॉक्टर, आरसा. हं. हे बघा, आलं. आलं की हो. हे मला सहा महिने आलं नव्हतं, गुरुजींच्या शिव्या खाऊन. जळतं माझं, लपवून काय उपयोग. आता हे असं साडेतीन मिनिटं धरायचं, बास, दुसरं काही नाही. काहीही झालं तरी डावा हात सोडायचा नाही. हॉलमध्ये कोण आलंय, कोण कुणाशेजारी बसलंय, वर मान करून बघायचं नाही. ड्रमवाल्यानं गाणाऱ्याच्या पाठीकडे बघावं. मान वर केली की डावा हात एक ठोका खातो, आणि एक ठोका खाल्ला की तुम्ही मागे पडलात, आणि मग गाणारी बरोबर असली तरी लवकर आल्यासारखी वाटते, आणि मग तुम्हाला वाटतं की तिनंच—

वाजवा ना. थांबलात कशाला?

काय बघताय?

कुठल्या दिवसाबद्दल बोलतोय म्हणजे? कुठल्याच नाही. शिकवतोय तुम्हाला. उदाहरण देतोय.

हो, चार वर्षांपूर्वीच्या त्या कार्यक्रमाला तुम्ही होतात तिथे. माहितीय मला तुम्ही होतात. तिसऱ्या रांगेत, कडेला, तिच्या आईच्या शेजारी, पहिल्यांदाच. करड्या रंगाचा कोट होता तुमचा आणि तो मांडीवर घडी करून ठेवला होतात. तोवर मी फक्त ऐकून होतो की कुणीतरी डॉक्टर आहेत म्हणून. पोर दुसऱ्या कडव्याला येत होती, सतरा वर्षांची, पहिल्यांदा एवढ्या लोकांसमोर, आणि मी मान वर केली. बास. एवढंच. एक ठोका. कुणाला कळणारही नाही असा एक ठोका खाल्ला डाव्या हातानं, आणि ती आली, तिच्या जागेवर आली, आणि मला वाटलं लवकर आली. वाटलं म्हणजे — नाही. तेव्हा वाटलं. दोन सेकंद वाटलं. तेवढ्यात मी स्टिक खाली ठेवल्या होत्या आणि माइकमधून म्हणालो होतो, 'थांब. पुन्हा. तालात ये.' दोनशे लोक. तुम्हीही ऐकलंत. ती माझ्याकडे वळून बघत होती आणि मी तिच्याकडे बघत होतो, आणि तेव्हाच मला कळलं की ती बरोबर होती. तेव्हाच कळलं. नंतर घरी जाऊन नाही. तिथेच, तिच्या तोंडाकडे बघताना. ती स्टेजवरून उतरून गेली आणि मी तिला हाक मारली नाही, कारण हाक मारली असती तर सांगावं लागलं असतं.

मग काय. मग चार वर्षं झाली. कधी सांगणार? वाढदिवसाला फोन येतो तिचा, बाबा जेवलात का, औषध घेतलंत का. त्यात कुठे सांगणार? आणि ती विचारत पण नाही. तिला शंकाच नाही हो. बाबांचा कान म्हणजे बाबांचा कान. बाबा चुकतील असं तिच्या स्वप्नातही येत नाही, तिला वाटतं तिलाच ताल नाही. चार वर्षं पोर गायली नाही. आणि आता कुठे उभी राहत होती तर मी परत तेच— एकदा मान वर करून आणि एकदा मान खाली घालून. दोन्ही वेळा तुमच्यामुळे, खरं तर. दोन्ही वेळा तुम्हीच बसला होतात समोर.

असं बघू नका. कीव करायची असेल तर क्लिनिकमध्ये करा. इथे ड्रम शिकायचा.

असं करा. आता घरी जा. जेवणाआधी एक तास हेच वाजवा, उशीवर वाजवा, आणि तिला सांगा — ऐकताय ना? — तिला सांगा की काल चूक तुमची होती. तुम्ही मोजायला चुकलात. नवे आहात, वय झालंय, दोनाचं आणि तिनाचं कळलं नाही. बाबांनी आज खडसावलं, असं सांगा. मला जेवढं वाईट दाखवायचंय तेवढं दाखवा, पण ते शिकवण्याचं बोलू नका. तुमचं काय जातंय? तुम्हाला ती क्षमा करेल, तुम्हाला सगळेच करतात. आणि म्हणावं, तुझा आवाज बरोबर जागेवर होता. एवढं एक नक्की सांगा. शब्द हेच, 'जागेवर होता'. तिला कळेल.

नाही म्हणजे? का नाही? एवढीशी गोष्ट—

खोटं बोलत नाही तिच्याशी. वा. कधीच नाही? चार वर्षांत एकदाही नाही? मोठेच हरिश्चंद्र. दोन दिवसांवर कार्यक्रम आलाय आणि तुम्ही मला तत्त्वं शिकवताय. बरं, राहिलं, नका बोलू खोटं. काहीच बोलू नका. नुसतं बरोबर वाजवा शनिवारी, तिचं तिला समजेल. — नाही येणार? येणार नाही म्हणाली? शनिवारी उभीच राहणार नाही? कधी म्हणाली? आज सकाळी. आणि हे तुम्ही मला आत्ता सांगताय? आल्या आल्या सांगायचं सोडून तासभर इथे—

घरी चला म्हणजे? मी नाही येणार तिकडे. मला बोलावलेलं नाही. न बोलावता मी कुठे जात नाही, जाणारही नाही, तेवढा मान ठेवलाय मी अजून स्वतःचा. तुम्ही जा आता. जा म्हणतो ना. स्टिक ठेवा, नको, घेऊन जा, तुमच्याच आहेत. वही घ्या. ती पानं फाडून टाका. आणि पुन्हा इथे यायची गरज नाही, जेवढं येत होतं तेवढं दिलं तुम्हाला. जिना चढताना डोकं सांभाळा.

काय करताय? कुणाला लावताय? डॉक्टर, इथे फोन लागत नाही, आवाज अडवायला गाद्या आहेत भिंतींना, उगीच खटपट — लागला? तिला लावलात? अहो, ठेवा तो. ठेवा म्हणतो. मी काही बोलणार नाहीये. काय सांगू मी तिला? हे बघा, तुम्ही मधे पडू नका, हे आमचं आहे, बापलेकीचं, तुम्ही कोण— दूर धरा तो. दूर. मी हात लावणार नाही. उचलला? उचलला तिनं? काय म्हणतेय? काका म्हणतेय ना? मग बोला की तुम्ही, तुमच्याशी बोलतेय ती. बोला. अहो बोला काहीतरी, ती वाट बघतेय, असं कसं गप्प—

द्या इकडे.

हॅलो.

हो. मी. बाबा.